सातारच्या अंधारात २० एमएम पारखताना

माझ्याकडच्या किट झूमचं, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेल्या साध्या झूम लेन्सचं, अ‍ॅपर्चर २८ एमएमलासुद्धा एफ ३.५ च्या पुढे उघडत नाही (अ‍ॅपर्चर म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, आकडा जितका लहान तितकं ते मोठं). दिवसा तिची काही तक्रार नाही. पण रात्रीची हळद अंगणात एका बल्बखाली सुरू झाली की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता, ६४०० च्या खाली उतरत नाही, आणि नवरीच्या गालावरची हळद दाणेदार दिसते. ३.५ वरून १.८ वर गेलं तर जवळपास पावणेचारपट प्रकाश मिळतो, म्हणजे तोच फोटो १६०० च्या आसपास निघतो. सोनीची २० एमएम एफ १.८ जी ही रुंद आवाक्याची लेन्स डोक्यात होती. वजन ३७३ ग्रॅम, फिल्टर ६७ एमएमचा. सिग्माची २० एमएम एफ १.४ प्रकाशाला आणखी उदार आहे, पण ती सहाशे ग्रॅमच्या पुढे जाते आणि फिल्टर ८२ चा मागते. दिवसभर दोन कॅमेरे अंगावर वागवणाऱ्यानं आधी वजन बघावं, असं माझं मत. तरी एवढी रक्कम घालण्याआधी पुण्याहून सोनीची लेन्स भाड्यानं आणली.

पहिली परीक्षा घराच्या गच्चीवर. विटांच्या भिंतीचे फोटो काढून शार्पनेस बघायची पद्धत आहे, ती मी टाळली. कॅमेरा भिंतीला जरा तिरका राहिला तरी एक बाजू मऊ येते आणि दोष लेन्सच्या माथी बसतो. त्यापेक्षा अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर बरा. आधी तो मधोमध ठेवून फोकस केला, मॅन्युअलवर टाकून फोकस तिथंच ठेवला, मग कॅमेरा फिरवून टॉवर एकेका कोपऱ्यात आणला. चारही कोपरे सारखेच मऊ आले तर तो त्या लेन्सच्या डिझाइनचा स्वभाव. एकच कोपरा मागे पडला तर त्या नगात एखादं भिंग जागेवरून हललंय. माझ्या हातातला नग चारही बाजूंना सारखा निघाला.

कोपऱ्यांतला काळोख बघायला ढगाळ आभाळाचा फोटो काढला, तोही दुरुस्ती बंद करून, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं न सजवलेल्या कच्च्या फाइलमध्ये. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये कॅमेरा कडा सरळ करतो आणि कोपरे उजळतो, त्यामुळे जेपीईजीत सगळं गोडगोड दिसतं. पण कोपरा दोन स्टॉप उजळला तर त्याचा प्रकाश चौपट करावा लागतो आणि तिथला नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, त्याबरोबर वर येतो. आयएसओ ३२०० च्या रात्रीच्या फोटोत कोपरे मधल्या भागापेक्षा खरखरीत का दिसतात, ते इथं कळतं. या लेन्समध्ये १.८ ला काळोख ठळक आहे, ४ ला नावापुरता उरतो.

खरी कसोटी चाळकेवाडीच्या पठारावर लागली. मार्चअखेरची चंद्र नसलेली पहाट, आकाशगंगा आग्नेयेला वर आलेली, खाली कराडच्या बाजूचा उजेड. पवनचक्क्या इथं का उभ्या केल्यात ते ट्रायपॉड लावला की समजतं. शेवटी पिशवीत दगड भरून मधल्या दांड्याला टांगली. या लेन्सची फोकस रिंग इलेक्ट्रॉनिक आहे, अनंतावर येऊन अडत नाही, नुसती फिरत राहते. म्हणून स्क्रीनवर एक ठळक तारा मोठा करून तो बारीक टिंब होईपर्यंत हळूहळू आणावा लागतो. ५०० च्या नियमानं (५०० ला लेन्सच्या एमएमनं भागलं की सेकंद) २० एमएमला २५ सेकंद चालायला हवेत, पण फोटो मोठा केला की ताऱ्यांच्या रेघा दिसतात, तेव्हा १३ सेकंदांवर थांबलो. १.८ ला अगदी कोपऱ्यातल्या ताऱ्यांना बारीक पंख फुटतात, यालाच कोमा म्हणतात. २.८ ला ते मिटतात, पण मग प्रकाश निम्म्याहून कमी होतो. मी १.८ च ठेवला. कोपऱ्यातला तारा मोठा करून बघायला कोण बसलंय? मी सोडून.

लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीत मात्र १.८ चा काडीचा उपयोग झाला नाही. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली ही विहीर. आत कमानींचा गारवा आणि वर भगभगीत आभाळाचा तुकडा. समोरचं कोरीवकाम आणि पलीकडची भिंत दोन्ही स्पष्ट हवी, तर एफ ८ लागतो. २० एमएमला एफ ८ वर पावणेदोन मीटरवर फोकस ठेवला की साधारण ८५ सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं सापडतं. दगड हलत नाहीत, ट्रायपॉड आहे, शटर कितीही लांबवा. अशा कामाला महागाचं मोठं अ‍ॅपर्चर नकोच, किट झूमही चालली असती. फक्त ९४ अंशांचा आवाका तिच्यात नाही. एक गोष्ट आवडली: अंधाऱ्या कमानीतून उजेडाकडे बघतानाही काळा रंग काळाच राहिला.

मग चुलत बहिणीच्या घरची हळद. लेन्स १९ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते, त्यामुळे हळदीची वाटी पुढ्यात आणि मागे सगळं अंगण, अशी चौकट मिळाली. हालणारी माणसं, कमी उजेड, शटर १/१२५ सेकंदाच्या खाली नेता येत नाही: इथं १.८ चे पैसे वसूल. चांदीच्या ताम्हणाच्या कडेला जांभळी रेघ आली, ती नंतर काढता येते. ग्रुप फोटोत मात्र कडेच्या मावशी रुंद झाल्या. हा लेन्सचा दोष नव्हे, एवढा रुंद आवाका सपाट सेन्सरवर बसवायचा तर कडेची वस्तू ताणली जाणारच. पण मावशींना भूमिती सांगून उपयोग नाही.

घ्यायचं ठरल्यावर एक वापरलेली बघितली. भाड्याची चांगली होती म्हणून ही चांगली असेल असं नसतं. विकणाऱ्याच्या बाल्कनीतून लांबची पाण्याची टाकी चारही कोपऱ्यांत आणून बघत होतो. तो म्हणाला, “दादा, फोटो तर झकास येतोय की.” येत होताच. पण खालचा डावा कोपरा ४ लासुद्धा धुरकट राहत होता. ती सोडली आणि नवी घेतली, वॉरंटीसह. किट झूम विकलेली नाही. मावशींचा ग्रुप फोटो तिच्यावरच, ३५ एमएमला.