आमची वाटचाल : घारापुरीची एक दिवसाची सहल, २००४ पासून

लोक विचारतात तुमच्या पत्रकात रेट आहे, जेवणाचा मेनू आहे, सोमवारी लेणी बंद हे पण ठळक छापलंय, पण तुम्ही कोण, सुरुवात कशी केली, ते कुठेच नाही. बायको पण म्हणाली एकदा लिहून टाका म्हणजे दर गिऱ्हाईकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगत बसायला नको. म्हणून लिहितोय. शुद्धलेखनावर जाऊ नका, त्याचा विषय पुढे येणारच आहे.

माझे वडील उरणचं मोरा ते मुंबईचा भाऊचा धक्का या लाइनला खलाशी होते. त्यामुळे लाँच, तांडेल, दोर, डिझेलचा वास हे सगळं माझ्यासाठी घरचंच. मी बी.कॉम. केलं आणि एका कंटेनर यार्डात क्लार्क म्हणून लागलो, आणि मावसभावाच्या ऑफिसातली माणसं एका रविवारी म्हणाली की एलिफंटा, म्हणजे घारापुरीची लेणी, दाखव. १४ पॅक्स, म्हणजे १४ माणसं. मी पण बघून दोनच वेळा आलेलो, तरी हो म्हणालो. गेटवेवरून लाँचने एक तास, धक्क्यापासून टॉय ट्रेन, मग १२० पायऱ्या, आणि वर पोचेपर्यंत माकडांनी एका बाईंची डब्याची पिशवीच पळवली. १४ जणांत ९ जणांचं जेवण उरलं. तेव्हा पायऱ्यांच्या कडेला ताडपत्री लावून काकड्या-कैऱ्या विकणारा एक माणूस होता, बेटावरचाच, तो म्हणाला चला घरी, भाकऱ्या टाकतो. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाचं कालवण आणि वालाची भाजी. परत येताना लाँचमध्ये कोणी लेण्यांबद्दल बोलत नव्हतं, सगळे त्या भाकरीबद्दल बोलत होते.

तो माणूस म्हणजे आमचा दादा. तेव्हापासून आजपर्यंत भागीदार. कागद नाही, स्टॅम्प पेपर नाही. जेवणाचे पैसे त्याचे, बाकीचं माझं, आणि वर्षाच्या शेवटी जे काय असेल ते बसून बघायचं. सी.ए. हसतो, हसू दे.

एक लक्षात घ्या, त्या वेळी बेटावर वीज नव्हती. संध्याकाळी जनरेटर तीनेक तास चालायचा, बस्स. समुद्राखालून केबल येऊन खरी वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. गेटवेवर उभं राहिलं तर मुंबईचा झगमगाट आणि समोरच्या बेटावर आमची वहिनी कंदिलाच्या उजेडात वाल सोलतेय, अशी १४ वर्षं आम्ही ६०-६० पोरांची जेवणं काढली. फ्रीज नाही, म्हणून बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून लाँचने न्यायची, आणि पोचेपर्यंत पाऊण उरायची. आता वहिनीकडे मिक्सर पण आहे, पण वाटण पाट्यावरच करते, कारण विचारलं तर रागावते.

आता सामानाबद्दल थोडं, कारण धंदा काय आहे ते सामानावरून कळतं. पहिली गोष्ट, तीन सेलची बॅटरी. मोबाइलची नाही. मुख्य लेण्यात महेशमूर्ती, म्हणजे शिवाची तीन तोंडांची मूर्ती, दक्षिणेच्या भिंतीत आहे, तिथे उजेड कमी, आणि लोक काय करतात, समोर उभं राहून खालून मोबाइलचा झोत मारतात. खालून उजेड मारला की वीस फुटांची ती मूर्ती भुतासारखी दिसते. बाजूने मारा, डावीकडून, हळूहळू वर न्या. आपल्या डाव्या हाताचा अघोर, मिशा, हातात नाग, त्याच्या भुवईची आठी तेव्हाच उठते. मग उजवीकडून मारा, वामदेवाचं तोंड बघा, तेच दगड पण नाजूक. मधला तत्पुरुष, त्याच्यावर झोत मारूच नका, डोळे मिटलेल्या माणसाच्या तोंडावर बॅटरी मारतात का. बॅटरी बंद करून दोन मिनिटं शांत उभे राहा, डोळे अंधाराला सरावले की तो आपला आपण दिसतो. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही.

दुसरं सामान, पंचांग. हसू नका. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाच्या आसपास भरती, बाराच्या आसपास सुकती, म्हणजे ओहोटी. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. हे वडिलांनी शिकवलं, आता ॲपवर येतं पण मी अजून ताळा करून बघतो. आणि हे कशाला, तर उधाणाच्या दिवसांत पाण्यात चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, पाणी उतरलं की धक्क्याच्या खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि लाँच खाली जाते. आजी-आजोबांना आणायचं असेल तर अष्टमीच्या आसपासची तारीख धरा, भांगाचं पाणी असतं, चढ-उतार कमी. पौर्णिमा-अमावास्या टाळा. आणि पावसात धोक्याचा बावटा लागला असेल तर मला फोन करून "पण ऊन पडलंय इकडे" असं सांगू नका.

तिसरं सामान म्हणजे लाइफ जॅकेट, आणि खरं तर मला त्याबद्दलच बोलायचंय.

२०११ साली मी स्वतःच्या पैशाने ७० जॅकेट घेतली, त्यातली ४० लहान मुलांच्या मापाची. कोणी सांगितलं नव्हतं, कंपल्सरी पण नव्हतं. लाँचवर जॅकेट असायची, पण ती वर बांधलेली आणि मोठ्या माणसांच्या मापाची, सातवीतल्या पोराला घातली की हनुवटीच्या वर येतात. वडील म्हणायचे पाणी विचारून येत नाही. घेतली. प्रत्येक जॅकेटला शिट्टी, पट्टा पायामधून घ्यायचा, नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर जातं आणि माणूस खाली. वापरून झालं की गोड्या पाण्याने धुवायचं आणि सावलीत वाळवायचं, उन्हात नाही, उन्हाने पट्टे कुजतात. तुमच्या सोसायटीची सहल दुसरीकडे कुठे जात असेल तरी एवढं बघा, जॅकेट मोजू नका, पट्टे ओढून बघा.

ही जॅकेट उचलायला, धुवायला एक पोरगा ठेवला होता, २०१३ साली. नाव घेत नाही. दहावी नापास, पण हुशार, तोंडाने गोड. पाच वर्षं आमच्याकडे होता. जॅकेटला वास येतो म्हणून रोज कुरकुर करायचा. मी त्याला लेणी शिकवली. आत शिरल्यावर उजवीकडे नटराज, डावीकडे योगीश्वर, मग पूर्वेकडचा रावणानुग्रह सकाळीच दाखव कारण तिकडच्या चौकातून उजेड येतो, अर्धनारीश्वर महेशमूर्तीच्या डावीकडे, गंगाधर उजवीकडे, पश्चिमेला अंधकासुर आणि कल्याणसुंदर शेवटी, म्हणजे मारामारीनंतर लग्न, पोरं खूश होऊन बाहेर पडतात. हा क्रम माझा आहे. बेटावर सापडलेला दगडी हत्ती ज्यावरून पोर्तुगिजांनी एलिफंटा नाव ठेवलं तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे, आणि "हत्ती तुमच्या घराजवळ आणि तुम्ही त्याला शोधायला समुद्र ओलांडून आलात" हा जोक पण माझाच.

२०१८ ला तो गेला. गावाला शेती बघायची म्हणाला. मी महिन्याचा पगार जास्त दिला, बायकोने शर्टपीस दिला. दिवाळीत एका शाळेच्या मॅडमनी मला पत्रक दाखवलं, म्हणाल्या तुमचंच आहे का, रेट १५० ने कमी कसा. त्याचं पत्रक. माझाच क्रम, माझाच जोक, आणि १५ मुलांमागे एक शिक्षक फ्री हे पण तसंच. एवढंच नाही, आमच्या पत्रकात पहिल्यापासून एक चूक होती, "अंधकासूरवध", सू दीर्घ. त्याच्या पत्रकात पण दीर्घ. टायपिंग करताना एक अक्षर तरी बघायचं ना!

रेट कमी कसा, तर जेवण नाही, वडापाव. लेणी पाऊण तासात. आणि लाँचच्या तिकिटालाच लोक सहल समजतात हे त्याला माझ्या आधी कळलं, हे मान्य करायला हवं. तिकीट कोणीही काढतं हो, खिडकीवर मिळतं. आम्ही विकतो ती वेळ आणि उजेड. पण हे पत्रकात लिहिता येत नाही, आणि १५० रुपये कमी हे लिहिता येतं. दोन वर्षांत सहा शाळा गेल्या. मग मार्च २०२० ला सगळंच बंद झालं, त्याचं पण आणि माझं पण, ते सगळ्यांनाच माहितीये, त्यावर लिहीत नाही.

खरा दणका १८ डिसेंबर २०२४. बुधवार होता. गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या लाँचला त्या दिवशी नेव्हीची स्पीडबोट धडकली, १५ जीव गेले, त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, आमच्या लाइनवर तेव्हापासून तो दिवस कोणी मोठ्याने काढत नाही. त्या दिवशी आमचा ग्रुप नव्हता. दुसऱ्या दिवशी होता, ५२ मुलं. रात्री साडेआठपर्यंत फोन चालू होते, मग मीच मुख्याध्यापकांना फोन करून कॅन्सल करा म्हणालो. डिसेंबर-जानेवारी म्हणजे आमचं वर्ष असतं, बाकीचे दहा महिने त्यावर जगायचं. ११ शाळा बुक होत्या, शनिवारपर्यंत ९ गेल्या. ॲडव्हान्स परत द्यायला पतपेढीत गेलो, तिथला मॅनेजर म्हणाला "आता या धंद्यात काय राहिलं", तरी दिले त्याने. दादाला तांदूळ-तेलाचे पैसे आधीच दिले होते, तो ते घेऊन उरणला माझ्या घरी आला, टेबलावर ठेवले, चहा पण घेतला नाही. "तुझी पोरं शाळेत हायेत, माझी नाय," एवढंच बोलला.

आणि त्याच आठवड्यात मला कळलं की आमचा तो माजी पोरगा उरलेल्या दोन शाळांना फोन करून सांगतोय, "आमच्याकडे लाइफ जॅकेट असतात, त्यांच्याकडे आहेत का ते विचारून घ्या." विचारून घ्या! ज्याने पाच वर्षं माझी जॅकेट वास येतो म्हणून नाक धरून धुतली, तो. मी दोन रात्री झोपलो नाही. पैसे गेले त्याने नाही, याने. त्यातली एक शाळा गेली. दुसरीच्या मॅडमना मी ७० जॅकेट टेंपोत भरून शाळेच्या ग्राउंडवर नेऊन दाखवली. बिलं पण नेली, २०११ ची. त्यांनी प्रत्येक पट्टा ओढून बघितला, मला फार बरं वाटलं.

आता सरांबद्दल. चित्रकलेचे सर, डोंबिवलीचे, २००५ पासून दर वर्षी आठवीचा वर्ग घेऊन यायचे. बाकीच्या शाळा सगळं बघतात, सर एकच मूर्ती. एक वर्ष फक्त गंगाधर. एक वर्ष फक्त द्वारपालाचा हात. एक तास सगळ्यांनी बसून तेवढंच काढायचं, आणि थर्माकोलला चांदीचा कागद चिकटवलेला एक पत्रा ते स्वतः आणायचे, बाहेरच्या चौकात एक मुलगा तो धरून उभा, उजेड आत मारतोय. मूर्तीचे पाय तुटलेत, हात तुटलेत, पोरं विचारायची सर तुटलेलं पण काढायचं का, तर सर म्हणायचे, "जेवढं आहे तेवढं काढ, नसलेलं आपोआप येतं." रिटायर झाल्यावरही जुने विद्यार्थी घेऊन येत राहिले. आणि दर वर्षी जेवताना, भाकरीचा दुसरा तुकडा मोडला की ठरलेलं वाक्य, "अंधकासुरातला सु ऱ्हस्व आहे रे, अजून सुधारलं नाहीस." मी दर वर्षी म्हणायचो पुढच्या छपाईला नक्की सर. पाच हजार पत्रकं एकदम छापली की स्वस्त पडतात, म्हणून पुढची छपाई कधी यायचीच नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पहिला फोन सरांचा. नऊ जण येतो म्हणाले. मी म्हणालो सर नऊ जणांत माझं डिझेल पण सुटत नाही, आणि आत्ता कशाला. ते म्हणाले, रेट पूर्ण घे आणि जॅकेट माझ्या मापाचं ठेव. गेटवेच्या पायऱ्या उतरण्याआधीच त्यांनी जॅकेट घातलं, पट्टा मला बांधायला सांगितला, वय ७४, आणि वरच्या डेकचे जास्तीचे पैसे स्वतः भरून वर जाऊन बसले. जाताना नेव्हीची जहाजं, बुचर आयलंडच्या तेलाच्या टाक्या, नेहमीचंच सगळं, कोणी बोललं नाही. पायऱ्यांना डोली केली, आधी नको म्हणाले मग बसले. त्या दिवशी मूर्ती पश्चिमेकडची, अंधकासुराची. मी बॅटरी धरून एक तास उभा. हात भरून आला तरी हलवली नाही.

वहिनीने भाकऱ्या टाकल्या, दुसरा तुकडा मोडला, आणि सर काहीच बोलले नाहीत. मीच वाट बघत होतो. शेवटी मीच म्हणालो, सर, ऱ्हस्व. तर म्हणाले, जाऊ दे, आता त्याचीच ओळख झालीय.

या वर्षी पाच शाळा परत आल्यात, पतपेढीचे हप्ते चालू आहेत. अजून १,८०० जुनी पत्रकं शिल्लक होती, ती रद्दीत घातली आणि ऑगस्टमध्ये नवीन छापली. सु ऱ्हस्व. पहिली प्रत सरांना पोस्टाने पाठवली. परवा गेटवेला त्या पोराचं पण या वर्षीचं पत्रक हातात आलं, गुळगुळीत कागद, चार रंगांत, आणि सू अजून दीर्घच आहे.