तिसऱ्या बाकावरच्या पोरांचं काय?

"मारायचं नाही, नापास करायचं नाही, वर्गात नंबर काढायचा नाही. मग तुमच्याकडची पोरं अभ्यास करतात तरी कशापायी?"

हा प्रश्न ताईचा. ती साताऱ्यात एका अनुदानित हायस्कूलला पाचवी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवते. मी ओहायो राज्यात कोलंबसजवळच्या एका मिडल स्कूलमध्ये मदतनीस आहे. वर्गात मागं बसायचं, ज्याचं अडलंय त्याच्याजवळ जायचं, हे माझं काम. त्यामुळे आमचा फोन कुणाचं लग्न ठरलं आणि कास पठारावर यंदा गर्दी किती, इथून सुरू होतो आणि पाच मिनिटांत हजेरीपटावर येतो.

मी तिला खरं ते सांगितलं. सगळी करत नाहीत. २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांपैकी साधारण तिनातलं एक वाचनाच्या सगळ्यात खालच्या पायरीपर्यंतही पोचलं नाही, आणि हे प्रमाण आजवरचं सर्वांत वाईट होतं. कोरोनानंतर, २०२१-२२ साली, देशभरातली चारातल्या एकापेक्षा जास्त मुलं वर्षातले दहा टक्के किंवा त्याहून अधिक दिवस गैरहजर होती. सुट्टीत साताऱ्याला आले की राजवाड्यावर कुणी ना कुणी भेटतंच आणि म्हणतं, "तुमच्या अमेरिकेतल्या शाळा काय, एकदम भारी!" इमारत भारी असते, हे खरं. पण बारा वर्षांचं पोर तिथंही बारा वर्षांचंच असतं. बाकाखाली पाय हलवतं, खिडकीबाहेर बघतं, आणि मित्रानं आज आपल्याशी बोलणं का टाकलं याचाच विचार दिवसभर करतं.

मिडल स्कूल म्हणजे सहावी, सातवी, आठवी. मुलं अकरा ते चौदा वर्षांची. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा कुठं चौथीपर्यंत, कुठं सातवीपर्यंत, आणि हायस्कूल पाचवीपासून. त्यामुळे ही तीन वर्षं कुणाचीच खास नसतात. प्राथमिकच्या बाई म्हणतात, आता मोठी झाली. हायस्कूलचे सर दहावीच्या निकालात अडकलेले. इथंही पूर्वी तसंच होतं. आठ वर्षं प्राथमिक आणि मग चार वर्षं हायस्कूल. देशातलं पहिलं ज्युनियर हायस्कूल म्हणून जिचं नाव घेतात ती इंडियानोला शाळा १९०९ साली याच कोलंबस शहरात निघाली. सहावी ते आठवी हा आजचा सांधा मात्र बराच नंतरचा, १९६० नंतरचा.

आमच्या शाळेत मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट फोटोत दिसत नाही. गणित, इंग्रजी, विज्ञान आणि समाजशास्त्र या विषयांच्या चार शिक्षकांचा एक गट असतो आणि त्यांच्याकडे शंभर-सव्वाशे मुलं असतात. चौघांनाही तीच मुलं. आणि वेळापत्रकातच एक तास असा ठेवलेला असतो की त्या वेळी या चौघांपैकी कुणालाच वर्ग नसतो. चौघं एका टेबलाशी बसतात आणि एकेका मुलाचं नाव घेतात. हा गणितात झोपतो, पण विज्ञानात पुढं बसतो, असं का? हिची आई सध्या रात्रपाळीला आहे, ही घरी एकटी असते. हा तीन सोमवार आलेला नाही. मी कोपऱ्यात बसून लिहून घेते. बैठक संपते तेव्हा प्रत्येक नावापुढं कुणीतरी एक जण लागलेला असतो, जो पुढच्या आठवड्यात त्या मुलाशी बोलणार.

ताई ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "तो तास देतं कोण?"

खरा प्रश्न हाच आहे. तिचा मोकळा तास म्हणजे कुणी रजेवर असेल तर त्यांच्या वर्गावर जाणं, नाहीतर ऑनलाइन माहिती भरणं, नाहीतर मतदार यादीचं काम. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागं एक शिक्षक असं लिहिलंय. तिच्या वर्गात साठ आहेत. वर्गशिक्षक आपल्याकडेही असतो, पण तो फी, दाखले, आधार क्रमांक आणि पोषण आहाराची संख्या यांचा वर्गशिक्षक असतो. मुलाचं एवढंसं निरीक्षण करायला त्याच्याकडे सरकारी वेळ नाही. हे मी तिकडं कुणाला कमी लेखायला लिहीत नाही. इथल्या शिक्षकालाही तो तास कुणी हौसेनं दिलेला नाही, त्यासाठी पैसे मोजलेत.

या मुलांवर आधीच लक्ष का ठेवायचं, याचं उत्तर फिलाडेल्फियात सापडलं. रॉबर्ट बाल्फान्झ या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सहावीच्या मुलांचा पुढं अनेक वर्षं माग काढला. सहावीत हजेरी ऐंशी टक्क्यांच्या खाली, गणितात नापास, इंग्रजीत नापास किंवा वर्तनाचा वाईट शेरा, यांतली एक जरी गोष्ट असेल, तरी त्यातली फार थोडी मुलं वेळेत हायस्कूल पूर्ण करू शकली. म्हणजे शाळा सुटते सोळाव्या-सतराव्या वर्षी, पण सुटायला लागते अकराव्या वर्षी. आज इथल्या कित्येक शाळा हजेरी, वागणूक आणि विषयातली प्रगती या तीन गोष्टी सप्टेंबरपासूनच, म्हणजे इथलं शाळेचं वर्ष सुरू झाल्यापासूनच, बघतात, वार्षिक निकालाची वाट बघत नाहीत.

ओहायोत तर गैरहजेरी तासांत मोजतात. उशिरा आलं, लवकर गेलं, सगळं धरलं जातं. यावरून आपल्या मराठी मंडळींची दर हिवाळ्यात पंचाईत होते. चुलतभावाचं लग्न डिसेंबरात, तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून तीन-चार आठवडे भारतात, आणि परत आलं की शाळेचं पत्र दारात. मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर चर्चा: "आपली पोरं हुशार आहेत, तरी पत्र?" तुमचं पोर हुशार आहे की नाही, हे गैरहजेरीच्या तक्त्याला कळत नाही. मला ते बरंच वाटतं.

ताईच्या वर्गातली गैरहजेरी वेगळी. जावळी आणि पाटणकडची पोरं जुलैत भाताच्या लावणीला राहतात. जत्रांच्या दिवसांत मुंबईचे पाहुणे गावात आले की तीन दिवस बाक रिकामे. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण पहिली गाडी चुकली तर दुसरी शाळेचे दोन तास बुडवते. ताईला हे सगळं माहीत असतं. फक्त ते तिच्या डोक्यात असतं, इतिहासाच्या सरांना त्याचा पत्ता नसतो, आणि त्यांना जे माहीत असतं ते ताईला नसतं.

एकदा मी तिला म्हटलं, डोळे मिट आणि आठवी ब मधली नावं सांग. पहिली दहा-बारा धडाधड आली. शिष्यवृत्तीला बसवलेली, एनएमएमएस या आठवीच्या केंद्रीय शिष्यवृत्ती परीक्षेच्या जादा तासाची. मग सात-आठ टारगट पोरांची, ती कोण विसरेल? मग ती अडखळली. हजेरीचे क्रमांक आठवत होते, चेहरे आठवत होते, पण त्या पोराला भागाकार येतो का, हे सांगता येईना. "मधली पोरं गं," ती म्हणाली. "त्रासही देत नाहीत आणि नावही काढत नाहीत."

सातारा जिल्हा मुळात स्पर्धा परीक्षांचा शौकीन. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली. सहावीला तिथं किंवा नवोदयला लागावं म्हणून पाचवीतल्या पोरांचे उन्हाळे क्लासमध्ये जातात. ज्या शाळेची जास्त मुलं लागतात तिचा फलक पोवई नाक्यावर झळकतो. यात गैर काही नाही, माझ्याही घरात हेच होतं. पण वरच्या दहांसाठी जादा तास आहेत आणि तिसऱ्या बाकावरच्या चाळिसांसाठी काहीच नाही. इथं उलटं आहे: खाली घसरणाऱ्यांसाठी यंत्रणा आहे, वरच्यांसाठी वेगळा वर्ग आहे, आणि मधली इथंही निसटतात. सान दिएगोतल्या मेरी कॅथरिन स्वान्सन नावाच्या इंग्रजीच्या शिक्षिकेनं हे हेरलं आणि १९८० साली नेमक्या या मधल्या मुलांसाठी एक वेगळा तास सुरू केला. टिपणं कशी काढायची, प्रश्न कसा विचारायचा, दप्तर कसं लावायचं, आणि त्याच वेळी या मुलांना वरच्या दर्जाच्या वर्गात बसवायचं. त्याचं नाव अॅविड. आता तो देशभरच्या हजारो शाळांत चालतो. सोपं करून शिकवण्यापेक्षा अवघड वर्गात बसवून आधार देणं, ही त्यातली मला पटलेली गोष्ट.

ताईला मात्र कार्यक्रम नको होता. "कार्यक्रम आमच्याकडे ढिगानं येतात, फोटो काढून अपलोड करायचे. साठ पोरांत उद्या सकाळी काय करू ते सांग." म्हणून मी तिला तीन बिनखर्चाच्या गोष्टी सांगितल्या.

प्रश्न विचारला की तीन सेकंद थांबायचं. मेरी बड रो या अभ्यासिकेनं १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात, न बोलणारी मुलं बोलू लागतात. ताई म्हणाली, तीन सेकंद म्हणजे युग वाटतं, मागून कुणीतरी शिट्टी मारतं. दुसरं, हात वर करणाऱ्याला न विचारता आइस्क्रीमच्या काड्यांवर नावं लिहून डब्यातून काडी काढायची. हे तिच्या पोरांना लॉटरीसारखं आवडलं. तिसरं, तास संपायच्या आधी एक उदाहरण, एक चिठ्ठी, दारात बाईंच्या हातात.

चिठ्ठ्यांनीच घोळ बाहेर काढला. ताईनं पाठकोऱ्या कागदांचे तुकडे केले आणि उदाहरण दिलं: एक छेद दोन अधिक एक छेद तीन. तासभर वर्ग कोरसमध्ये "पाच छेद सहा" ओरडत होता, सगळं छान चाललं होतं. चिठ्ठ्या उलगडल्या तर जवळपास अर्ध्या वर्गानं दोन छेद पाच लिहिलेलं. वर वर मिळवले, खाली खाली मिळवले. आठवीत! कोरसचा आवाज पुढच्या दहांचा होता. साठ चिठ्ठ्या तपासायला वेळ कुठला, तर ती तपासत नाही, तीन ढीग करते. जमलंय, अर्धवट, कोरी. एसटीत बसून दहा मिनिटांत होतं, म्हणते. दुसऱ्या दिवशी तासाची सुरुवात अर्धवटच्या ढिगापासून.

इथलं सगळंच तिला पाठवावं असं मला वाटत नाही. प्रत्येकाच्या पुढ्यात लॅपटॉप, आणि शिक्षक मागं वळले की अर्ध्या पडद्यांवर गेम. साध्या बेरजेलाही "ऑसम!" ऐकून मुलांना कौतुकाची किंमत राहत नाही. आणि समानतेच्या एवढ्या गप्पा मारणाऱ्या या शाळा सहावीतच गणिताच्या वाटा वेगळ्या करतात. आठवीत बीजगणित मिळणार की नाही, ते तिथंच ठरतं. त्या यादीत मुलाचं नाव साध्या गणितात आलं की आपल्या मराठी घरांत जे सुतक पाळतात ते बघण्यासारखं असतं.

पालकसभा मात्र मला इथली आवडते. माझ्या लेकाच्या शाळेत सभा मुलगाच चालवतो. शिक्षक बाजूला बसतात. त्यानं फाइल उघडली, आपला चांगला निबंध दाखवला, मग स्वतःच म्हणाला की विज्ञानाच्या वह्या वेळेवर देत नाही आणि त्यासाठी काय करणार ते सांगितलं. ह्यांनी सवयीनं विचारलं, "वर्गात कितवा?" शिक्षिका हसल्या. विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणाऱ्या १९७४ च्या कायद्यानं दुसऱ्याच्या मुलाचे गुण त्या सांगूच शकत नाहीत. आमच्या वेळी एक मेला झेंडावंदन झालं की सगळ्या वर्गासमोर गुण वाचून दाखवायचे. शेवटून कोण, हे अख्ख्या पेठेला दुपारपर्यंत कळायचं.

पोराला नावानिशी ओळखणं ही काही अमेरिकेची देणगी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, ज्याला पुढं गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं, तिथं वेगवेगळ्या जातींची पोरं एकत्र राबत, एकत्र जेवत होती. तिथल्या कुठल्या पोराचं काय चाललंय, हे भाऊरावांना आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना कुणी तक्ता काढून सांगावं लागत नव्हतं. ताईनं मुख्याध्यापकांना हेच ऐकवलं आणि आठवीच्या शिक्षकांसाठी आठवड्याला एक तास मागितला. सर म्हणाले, तास देता येणार नाही, पण शनिवारी सकाळची शाळा सुटली की अर्धा तास बसा, चहा माझ्याकडून. पहिल्या शनिवारी पाचांतले तिघे आले.

मग ताईचा फोन. "तुमच्या त्या बैठकीचा कागद पाठव. मराठीत करून पाठव, आणि आमच्या सरांना घाबरवतील असले शब्द काढून टाक." मी चार रकाने करून पाठवले. नाव. हजेरी. काय येतं. कोण बोलणार. काय येत नाही, हा रकाना मी मुद्दाम ठेवला नाही. ताईनं शेवटच्या रकान्यावर काट मारली आणि तिथं लिहिलं: बोललात का?