पद्मिनी घेऊन पुणे ते सावंतवाडी, आंबोलीमार्गे

पुणे, सातारा, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी. साधारण 350 किलोमीटर, कोल्हापूरला एक मुक्काम. प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाडीचं 1089 सीसीचं इंजिन एवढं अंतर सहज ओढतं. रडवतो तो एसी पंप, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढून इंजिनाला देणारा पंप.

हा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला. एप्रिलच्या उन्हात खंबाटकीच्या चढावर ट्रकमागे रखडलं की पेट्रोलची लाइनमध्येच वाफ होते, कार्ब्युरेटर रिकामा पडतो आणि गाडी दोन-चार आचके देऊन बंद पडते. या फेरीत माथ्याच्या अलीकडे तेच झालं. अशा वेळी स्टार्टर मारत बसलात तर बॅटरी तेवढी उतरेल. बॉनेट उघडा, पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं गुंडाळा, पंधरा मिनिटं थांबा. प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर मात्र पाणी नको. मग पंपाची हातदांडी आठ-दहा वेळा हलवा. दांडी नुसतीच सैल हलत असेल, तर पंप चालवणाऱ्या इंजिनातल्या कॅमने पंप दाबून धरलाय. स्टार्टरचा एक झटका देऊन इंजिन थोडं फिरवा. पहाटे पाचला पुणं सोडलं, तर ही वेळ सहसा येत नाही.

निघण्याआधी डिपस्टिक हुंगून बघा. ऑइलला पेट्रोलचा वास आणि पातळी खुणेच्या वर, म्हणजे पंपाचा पडदा फाटून पेट्रोल इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतंय. अशा वेळी पडद्याबरोबर ऑइलही बदला. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग जातात. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, त्यामुळे पडदा आणि होज दोन्ही इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच घ्या. एक जादा पडदा डिकीत राहू द्या.

सोबत फॅनबेल्ट, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, कंडेन्सर आणि रोटर, पॉइंटची फट मोजायला फिलर गेज आणि पाच लिटर पाणी. गाडी गरम झाल्यावरच मिसिंग करत (मध्येच ठिणगी चुकवत) असेल, तर आधी कंडेन्सर बदला. चार्जिंगचा लाल दिवा लागला की तिथेच थांबा: फॅनबेल्ट तुटला असेल, तर त्याच बेल्टवर फिरणारा पाण्याचा पंपही बंद पडलाय.

आंबोलीच्या उतारासाठी ब्रेक ऑइल नवीन हवं. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. जुन्या ऑइलात मुरलेलं पाणी घाटात उकळलं की पेडल थेट फळीला टेकतं. दुसऱ्या गिअरमध्येच उतरा. ब्रेक दाबा, सोडा, धरून ठेवू नका. जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा, रिव्हर्स गिअर टाका, चाकाला दगड लावा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो.