सायनस सायनस केलं आणि निघाली दाढ

परवा कोणीतरी विचारलं की तुझ्या त्या सायनसचं शेवटी झालं काय, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं, नाहीतर मी लिफ्टमधे भेटेल त्याला हीच गोष्ट सांगत बसते.

तर सुरू झालं गणपतीनंतर. त्या दिवसांत पुण्यात नाक कोणाचं वाहत नसतं? पाऊस असतो, धूळ असते, गुलाल असतो, त्यामुळे मी काही लक्ष दिलं नाही. पण हे प्रकरण फक्त उजव्या बाजूचं होतं आणि त्याला वास होता. पोत्यात तळाला एखादा बटाटा सडला की येतो ना, अगदी तसा. मला वाटलं फ्रिजमधे काहीतरी कुजलंय. तीनदा फ्रिज रिकामा केला, ट्रे धुतले, अर्धं लिंबू कापून ठेवलं, सासूबाई म्हणे अगं मला तर काहीच येत नाहीये, नवरा म्हणे मलाही नाही, मग मी गप्प बसले. खालच्या ड्रॉवरमधून कुकर काढायला वाकले की भपकन यायचा, घशात काहीतरी उतरल्यासारखं वाटायचं, बाकी दिवसभर काही नाही.

वाफारे झाले, निलगिरी झाली, ओव्याची पुरचुंडी हुंगून झाली. मग कानानाकघशाचे डॉक्टर. त्यांनी दुर्बीण घालून बघितलं, पू आहे म्हणाले, नाकाचं हाडही जरा वाकडंय म्हणाले (ते कोणाचं सरळ असतं देव जाणे). अँटिबायोटिक घेतलं की दहा दिवस बरं, बंद केलं की परत ये माझ्या मागल्या. डिसेंबरात ऑपरेशनची गोष्ट निघाली. आणि हो, आपण म्हणतो 'मला सायनस आहे', अहो सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या, त्या सगळ्यांनाच असतात, चांगल्या चार जोड्या असतात, त्यांना सूज येते तो आजार.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मावसबहीण आली होती. ती दातांची डॉक्टर, पण दात काढत नाही, दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून जबड्याचे स्कॅन बघते आणि रिपोर्ट लिहिते. तिळगूळ खाता खाता म्हणाली, "ताई, एकाच बाजूला आहे? वास पण येतो? मग वरच्या दाढेचं कधी रूट कॅनल केलंयस का गं?" केलं होतं, सहा वर्षांपूर्वी, उजवीकडेच, वर कॅप आहे. पण ती दाढ कधी दुखली नाही, मी तिच्यावर शेंगदाणे फोडते. ती म्हणाली, "दुखणार नाहीच. उद्या सेंटरला ये."

सीबीसीटी म्हणतात त्या स्कॅनला. हनुवटी टेकवून उभं राहायचं, पुढच्या दातांत एक काडी धरायची, मशीन डोक्याभोवती फिरतं, मिनिटभरही लागत नाही. मग तिने मला शेजारी खुर्चीवर बसवलं आणि माऊसचं चाक फिरवत माझा चेहरा एकेक काप करून दाखवला. काळं म्हणजे हवा. डाव्या गालामागची पोकळी शाईसारखी काळी, उजवीकडची निम्म्यापर्यंत राखाडी भरलेली. पोकळीची फरशी म्हणजे पांढरी बारीक रेघ, दाढांची मुळं तिला खालून टेकलेली. आणि माझ्या त्या दाढेच्या एका मुळाच्या टोकाशी मोहरीपेक्षा जरा मोठा काळा डाग (ही हवा नाही, तिथलं हाड गेलेलं), त्याच्या बरोब्बर वर ती पांढरी रेघ तुटलेली. मी बराच वेळ त्या तुटक्या रेघेकडेच बघत बसले. चार-पाच महिने मी जिला सर्दी म्हणत होते ती एवढीशी फट होती.

तिने जे सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहिते. ही पोकळी म्हणजे मॅक्सिलरी सायनस, मोठ्या माणसात साधारण 15 मिली मावेल एवढी. तिचं नाकात उघडणारं भोक तळाला नाही, वर छताजवळ आहे. म्हणजे गच्चीवरच्या टाकीला खाली नळच नाही, नुसता ओव्हरफ्लोचा पाईप. आतल्या अस्तरावरचे सूक्ष्म केस शेंबूड वर ढकलत त्या भोकापर्यंत नेतात, म्हणून एरवी भागतं, पण खालून दाढेतला पू यायला लागला, अस्तर सुजलं, की ते केस कुठवर ढकलणार. दुखत का नाही, तर रूट कॅनलमधे दाढेची नस काढलेलीच असते आणि पुवाला वर मोकळी खोली मिळाली की दाबच राहत नाही. वास दातातल्या जंतूंचा, ज्यांना हवा चालत नाही त्यांचा. उलटंही होतं बरं का, वरच्या दाढांच्या नसा सायनसच्या भिंतीतून जातात, त्यामुळे साध्या सर्दीत वरच्या सगळ्या दाढा ठणकतात आणि लोक चांगला दात उपटून घेतात.

1651 मधे नॅथॅनियल हायमोर नावाच्या इंग्रज डॉक्टरने या पोकळीचं वर्णन छापलं, म्हणून जुन्या पुस्तकांत तिला अँट्रम ऑफ हायमोर म्हणतात. लिओनार्डो दा विंचीने 1489 च्या सुमाराला तिचं चित्र काढलं होतं, पण नाव लागलं हायमोरचं. त्याने एका बाईंची हकीकत दिली आहे. त्यांचा सुळा काढला तर तिथून पाणी वाहायचं थांबेना. बाईंनी स्वतःच त्या भोकात चांदीची सळई घातली, ती पार डोळ्यापर्यंत गेली, मग पिसाची काडी सोलून घातली, तीही जातच राहिली, बाई घाबरल्या की मेंदूत गेली. ती काडी बिचारी पोकळीतच गोल गोल फिरत होती. मला त्या बाईंची फार दया आली, तिथे दुर्बीण नाही, मावसबहीण नाही.

कितीतरी वर्षं पुस्तकांत असं होतं की या सायनसच्या दुखण्यांपैकी 10 ते 12 टक्केच दातामुळे होतात. पुढे लोकांनी फक्त एकाच बाजूच्या केसेस वेगळ्या काढून स्कॅन तपासले तर दातांचा वाटा त्याहून खूपच जास्त निघाला, आणि कित्येकदा सीटीच्या रिपोर्टमधे दाताचा उल्लेखच नसतो असंही दिसलं. 2021 मधे बऱ्याच देशांतल्या नाकवाल्या आणि दातवाल्या डॉक्टरांनी मिळून निदान कसं करायचं ते एकत्र लिहिलं, त्यात मुख्य मुद्दा हाच की दोघांनी मिळून बघा. माझ्या बाबतीत नाकाच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं ते घसा बघायला, आणि दातांच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी साधा एक्सरे काढून सगळं ओके म्हटलं. आता साध्या एक्सरेत वरच्या दाढेच्या टोकावर गालाच्या हाडाची सावली पडते, तेव्हा त्यांना सगळा दोष देत नाही. थोडा देते.

खरी गंमत पुढे. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण निम्म्याहून जास्त लोकांत एका मुळात दोन कॅनल (नसेच्या बारीक नळ्या) असतात, म्हणजे एकूण चार, आणि तो चौथा केसाएवढा असतो. माझे तीन भरलेले, चौथ्याला कोणी हातच लावला नव्हता. टिळक रोडवरच्या एका दातांच्या डॉक्टर बाईंनी कॅप काढून, मायक्रोस्कोपखाली दीड तास खपून तो शोधला. तोंड आ करून माझा जबडा आखडला, त्या मात्र मिळाल्यावर "सापडला!" असं ओरडल्या की बाहेर रिसेप्शनवर ऐकू गेलं. कित्येकांना पुढे सायनसचं ऑपरेशनही लागतंच, माझं दाढेवरच भागलं. नाकाच्या डॉक्टरांना रिपोर्ट नेऊन दाखवला, ते म्हणाले, "हो, असं असतं कधीकधी." बरं.

मागच्या आठवड्यात परत तो वास. पोटात गोळाच आला. खाली वाकून बघितलं, मान हलवून बघितली, एकेक नाकपुडी दाबून बघितली, तर दोन्हीकडून येत होता. मग फ्रिज उघडला. भाजीच्या ट्रेमधे मागे अर्धा कोबी होता, सासूबाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला.