कंट्रोलर बंद पडला तर टाकीचं काय?

समुद्री माशांच्या टाकीवर रीफ-पाय हे कंट्रोलरचं सॉफ्टवेअर बसवून झालं की ओळखीतले हौशी लोक आधी मोबाईलवरचे आलेख दाखवतात. तापमानाची रेघ, पीएचची रेघ, सकाळी हळूहळू चढणारे दिवे. मी कॅबिनेटचं दार उघडायला सांगते आणि विचारते, "आता या रास्पबेरी पायची, म्हणजे या छोट्या संगणकाची, वायर उपटली तर पंप चालू राहील की बंद पडेल?" बरेचदा यावर नुसतं हसू येतं.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. घरी कोथरूडला चार फुटी टाकी आहे, सम्प, म्हणजे कॅबिनेटमधली खालची टाकी, धरून साधारण २०० लिटर पाणी. क्लाउनफिशची जोडी, आणि झोआ, मशरूम, एक लेदर असे मऊ प्रवाळ. कडक प्रवाळ मी ठेवत नाही. ते २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जे आहेत ते तिथेच बरे. माझ्या मंडळींचे नखरे कमी, तेव्हा पुढचं सगळं तेवढ्याच बेताने घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. रीफ-पाय हे रास्पबेरी पायवर चालणारं, गो भाषेत लिहिलेलं मुक्त सॉफ्टवेअर. अपाची परवाना, सगळा कोड गिटहबवर. टायमर, तापमान, दिवे, उडालेलं पाणी भरून काढणारा एटीओ, पीएच, डोसिंग (मोजून द्रव सोडणं) हे सगळं ब्राउझरमध्ये उघडतं. पायच्या कोणत्या पिनवर कोणता रिले (विजेने चालणारा खटका) हेही तिथेच सांगायचं. विकतचे कंट्रोलर, नेपच्यूनचा एपेक्स वगैरे, तयार आणि देखणे असतात, आणि सोल्डरिंगचा कंटाळा असेल तर खुशाल तेच घ्यावेत. मला मात्र सेन्सरने उत्तर दिलं नाही तर प्रोग्राम पुढे काय करतो, हे फाईल उघडून वाचता यायला हवं होतं. तेवढ्यासाठी मी इकडे आले.

आता त्या वायरीकडे. रिलेला तीन स्क्रू असतात: कॉम (सामाईक), एनओ (एरवी तुटलेला) आणि एनसी (एरवी जोडलेला). शिकवताना आपण हे एका तासात उरकतो, पण टाकीचं अर्धं भवितव्य इथे ठरतं. हीटर एनओवर, म्हणजे पाय मेला की हीटर बंद. वर पाणी चढवणारा रिटर्न पंप एनसीवर, म्हणजे पाय मेला तरी पंप चालू. त्यासाठी रीफ-पायमध्ये त्या आउटलेटला 'रिव्हर्स'ची खूण करायची. मासे दोन तास अंधारात आरामात राहतात. पाणी हलायचं थांबलं की प्राणवायू कमी होत जातो, आणि घाई तिथे असते.

एवढ्याने भागत नाही, कारण रिलेचे संपर्क कधीकधी वितळून चिकटतात. मग पाय कितीही 'बंद' म्हणाला तरी हीटर तापतच राहतो. म्हणून हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट काढून टाकायचा नाही. कंट्रोलर हीटरला २५.५ ते २६ अंशांत खेळवतो, आणि हीटरचा खटका २७ वर ठेवलेला असतो. एकाने दगा दिला तर दुसरा आहे.

पाय सुरू होतानाचे काही सेकंदही लक्षात घ्या. तेव्हा प्रोग्राम चालू झालेला नसतो, पण पिनांना काहीतरी स्थिती असतेच: जीपीआयओ (पायच्या जोडणीच्या पिना) ० ते ८ वरच्या पातळीला ओढलेल्या, ९ ते २७ खालच्या. बाजारातले बरेच रिले बोर्ड खालच्या पातळीला चालू होतात. तेव्हा बोर्ड लावल्यावर आधी बल्ब जोडून दहा-बारा वेळा रीबूट करून बघावं, हीटर नंतर.

परदेशी मार्गदर्शन वाचताना सगळा जोर हीटरवर दिसतो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीस अंश आणि डिसेंबरात रात्री स्वयंपाकघरातलं खोबरेल थिजलेलं, त्यामुळे आपल्याला दोन्ही टोकं सांभाळावी लागतात. पाणी गार करणारा चिलर महाग, शिवाय तो खोलीत गरम हवा सोडतो. मी सम्पवर संगणकातले १२ व्होल्टचे दोन पंखे लावलेत. एक लिटर पाणी उडायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. हिशेब केला तर २०० लिटरचं तापमान जवळपास ३ अंशांनी उतरवण्याइतकी. मेच्या कोरड्या हवेत हा उपाय झकास चालतो. जुलैत हवाच ओली, पंखे नुसते फिरतात. तेव्हा बाहेरही फारसं तापत नाही म्हणून निभावतं. ऑक्टोबर मात्र त्रासाचा.

पंखे लावले की एटीओवर ताण आला. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, तेव्हा भरायचं ते गोडं आरओचं पाणी. पाण्यावर तरंगणारा फ्लोट स्विच खाली गेला की छोटा पंप चालू, वर आला की बंद. इतकी साधी गोष्ट, आणि सगळ्यात जास्त फरशा यानेच भिजतात. गोगलगाय फ्लोटवर बसते, मिठाची खपली धरते, फ्लोट अडकतो. सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक वेळेपेक्षा पंप जास्त चालला तर एटीओ बंद करायची सोय आहे, ती जरूर वापरा. पण माझा खरा भरवसा बादलीवर आहे. ती १० लिटरची आहे. सगळी ओतली गेली तरी पाण्याचा खारेपणा हजारी ३५ वरून ३३.३ वर येईल. कोणी मरणार नाही. सोय म्हणून २५ लिटरचा कॅन ठेवला असता तर ३१ वर गेला असता, आणि वर सम्पमध्ये न मावलेलं पाणी शेजाऱ्यांच्या छतातून. नळीचं तोंडही पाण्याच्या वर हवं. ते बुडालेलं असेल आणि बादली उंचावर असेल तर पंप बंद केल्यावरही सायफनने पाणी येतच राहतं. त्याला कुठलाही कोड थांबवू शकत नाही.

तापमानाला डीएस१८बी२० हा सेन्सर पुरेसा. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत स्टीलच्या टोपीतला मिळतो, पण नकली माल भरपूर, त्यामुळे घेताना तीन घ्या आणि एकाच पेल्यातल्या बर्फाच्या पाण्यात धरून बघा. अस्सलचीही हमी अर्ध्या अंशाचीच असते. ते स्टील खाऱ्या पाण्यात गंजतं, म्हणून मी टोकाला सिलिकॉन लावून घेते. आणि कधी आलेखात अचानक ८५ अंश दिसले तर घाबरू नका: वीज मिळाल्यावर मोजणी व्हायच्या आत विचारलं तर तो सेन्सर ८५च सांगतो. सहसा सैल जोड किंवा ४.७ किलोओहमचा रोधक नीट नसणं हे कारण. पण त्या क्षणी तुमचा कंट्रोलर पंखे पूर्ण सोडतो आणि हीटर बंद करतो, हे ध्यानात असू द्या. जानेवारीत ते परवडत नाही.

पीएचचा प्रोब मी फक्त बघण्यासाठी ठेवलाय, त्यावर काहीही चालू-बंद होत नाही. पंप सुरू झाला की आकडा उडी मारतो, म्हणून विजेने वेगळी केलेली म्हणजे आयसोलेटेड सर्किटपाटी लागते. बघायला मात्र मजा येते. मेमध्ये खिडक्या लावून एसी चालवला की रेघ खाली सरकते, कारण खोलीत आमच्याच श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो. खिडकी उघडली की तासाभरात वर.

लाईट जाण्याचं वेगळं लिहायला नको, पुणेकरांना लाईट जाण्याचा गुरुवार पाठ आहे. २४ व्होल्टचा डीसी पंप आणि पाय इन्व्हर्टरवर, हीटर नाही. पाय ४ पर्यंतच्या पाटीला स्वतःचं घड्याळ नसतं. रीबूट झाला आणि राउटर बंद असेल तर त्याला वेळच कळत नाही, आणि रात्री दोनला टाकीत दुपार होते. डीएस३२३१ या घड्याळाची नाणेसेलवाली छोटी पाटी लावली की मिटलं. वीज अशी येत-जात असताना एसडी कार्डही दगा देतं. रीफ-पायची सगळी मांडणी एका डेटाबेस फाईलमध्ये असते, तिची प्रत लॅपटॉपवर ठेवा.

२३० व्होल्टचं काम मी वायरमनकडून करून घेतलं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका), रिले झाकणाच्या डब्यात, डबा सम्पच्या बाजूला, वर नाही, आणि प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोल, म्हणजे थेंब तिथून गळून पडतो. "मॅडम, माशांना एवढं?" म्हणाला. "माशांना नाही हो दादा, हात मी घालते पाण्यात," म्हटलं, तेव्हा त्याने अर्थिंग पुन्हा तपासलं.

मुलं विचारतात, "मॅडम, पाय घेऊ की ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर)?" नुसते पंखे आणि हीटर असतील तर ईएसपी३२ घ्या. सेकंदाभरात उठतो, कार्ड नाही, स्वस्त. एटीओ, दिवे, आलेख सगळं एका पानावर हवं असेल तर पाय. आणि ज्यांच्याकडे टाकीही नाही, पायही नाही, त्यांनी रीफ-पाय लॅपटॉपवर डेव्ह मोडमध्ये चालवा. हार्डवेअर नसताना खोटे आकडे घेऊन तो चालतो. मग कोडमधला तापमानाचा भाग शोधा, सेन्सर वाचताना चूक आली तर तो कुठून बाहेर पडतो आणि तेव्हा हीटर कोणत्या स्थितीत असतो, ते वहीत लिहून आणा. सबमिशनला चालेल.