जिराफ नसलेले रान

सोयाबीनचे रोप फुलोऱ्यावर असताना मुळांसकट अलगद उपटून पाण्यात धुतले, तर मुळांवर लहान लहान गाठी दिसतात. त्यांतील एखादी नखाने चिरून पाहावी. आतला गर गुलाबी-तांबूस असेल, तर गाठ कामात आहे, म्हणजे तिच्यातील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र रोपाला मिळवून देत आहेत. गर हिरवट किंवा पांढुरका निघाला, तर ते काम बंद पडलेले असते किंवा अजून सुरू झालेले नसते. गुलाबी-तांबूस रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा असतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या नात्यातील हे प्रथिन गाठीतील प्राणवायू अगदी बेताने राखते, कारण जिवाणूंना श्वसनासाठी प्राणवायू हवाच असतो आणि तो जरा जास्त झाला, तर नत्र बांधणारे विकरच निकामी होते.

परस्पर उपकारक सहजीवनाविषयी मी गेली काही वर्षे आवडीने वाचते आहे आणि त्यामागे एक घरगुती म्हणावे असे कारण आहे. मी इमारतींचे स्ट्रक्चरल डिझाइन करते, माझे भागीदार साइटवरची देखरेख पाहतात आणि आमच्या भागीदारीला १४ वर्षे झाली. एवढी वर्षे एकत्र काम करणाऱ्या दोघांना लोक ‘तुमचे जुळते बरे’ असे म्हणतात. त्यात प्रेमाचा भाग असतो, पण नुसत्या जुळण्यावर भागीदारी चालत नाही, हे मला त्या गाठींमुळे नीट कळले.

जीवशास्त्रज्ञ टोबी किअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सोयाबीनवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी गाठींभोवतीच्या हवेतील नत्र जवळपास पूर्ण काढून त्याजागी आरगॉन वायू सोडला, त्यामुळे एरवी इमानाने काम करणाऱ्या जिवाणूंनाही देण्यासारखे काही उरले नाही. नत्र मिळेनासा झाल्यावर रोपाने त्या गाठींचा प्राणवायू कमी केला आणि तेथील जिवाणूंची वाढ नत्र देणाऱ्या गाठींच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आली. मला यातील महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की रोपाने सगळ्या मुळांशी असहकार पुकारला नाही. एकाच रोपाच्या मुळांचे दोन भाग करून पाहिले, तेव्हाही आखडता हात फक्त देणे थांबलेल्या भागापुरता राहिला. आपण माणसे नेमके उलट करतो. एका बिलाबद्दल किंवा एका उशिराबद्दल मनात आलेले वेळच्या वेळी बोलत नाही, महिनोन्महिने ते साचू देतो आणि मग एक दिवस त्या माणसाच्या संपूर्ण सचोटीवरच शंका घेतो. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही दर शनिवारी अर्धा तास बसून त्या आठवड्यातील कामाचा आणि पैशांचा हिशेब मिटवत असू. परक्यासारखा हिशेब काय करायचा, असे तेव्हा मला वाटत असे. आता मात्र आमच्या मैत्रीला ज्या गोष्टींनी सांभाळले, त्यांत त्या अर्ध्या तासाला मी फार वरचे स्थान देते.

तरीही आमची घडी विस्कटलीच. ती कशी विस्कटली, याचा उलगडा मला केनियातील एका काटेरी झाडाने करून दिला. बाभळीच्या नात्यातील या झाडाच्या काही काट्यांचे बूड फुगून पोकळ होते, त्यात मुंग्या भोक पाडून राहतात आणि त्या भोकांतून वारा वाहिला की शिटी वाजते, म्हणून त्याला इंग्रजीत ‘व्हिसलिंग थॉर्न’ असे नाव पडले. झाड मुंग्यांना घर आणि मधुरस देते; जिराफ किंवा हत्ती पाला ओरबाडायला आला, की मुंग्या त्याच्यावर तुटून पडतात. तेथे काही झाडे कुंपण घालून मोठ्या प्राण्यांपासून १० वर्षे दूर ठेवली होती. जीवशास्त्रज्ञ टॉड पामर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्या झाडांची स्थिती मांडली, तेव्हा ती अधिक फोफावली असतील असा कोणाचाही अंदाज असता. प्रत्यक्षात झाडांनी मधुरस आणि पोकळ काटे दोन्ही कमी केले होते, रक्षक मुंग्यांचे वागणे बिघडले होते आणि मधुरसावर अवलंबून नसलेल्या दुसऱ्याच जातीच्या मुंग्यांनी तेथे जम बसवला होता. या नव्या मुंग्यांच्या ताब्यातील झाडांना खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी ग्रासले, त्यांची वाढ मंदावली आणि रक्षक मुंग्या असलेल्या झाडांच्या तुलनेत ती मरण्याचे प्रमाण दुप्पट झाले.

हे वाचताना मला आमचेच ऑफिस दिसत होते. पहिल्या सात-आठ वर्षांत प्रत्येक काम अवघड होते. जमीन वेगळी, मुदत अपुरी, मालक धास्तावलेला, त्यामुळे एकमेकांना विचारल्याशिवाय आमचे पाऊल पुढे पडत नसे. मग एका ग्राहकाकडून एकाच धर्तीच्या इमारतींची कामे ओळीने मिळत गेली. मी जुन्या ड्रॉइंगमध्ये किरकोळ बदल करून ती पाठवू लागले, भागीदार ती न विचारता राबवू लागले आणि शनिवारची बैठक कधी बंद झाली, हे दोघांपैकी कोणालाही सांगता येणार नाही. त्या काळात आमचे एकदाही भांडण झाले नाही आणि त्यालाच मी समाधान समजत होते. पुढे एका साइटवर पाइप नेण्यासाठी एक बीम वीतभर सरकवला गेला. त्यांना ते किरकोळ वाटले, मला कळवायचे राहिले आणि मी वरच्या मजल्याचे ड्रॉइंग जुन्याच मापावर काढले. सळयांची जाळी बांधून झाल्यावर चूक ध्यानात आली, ती सोडवावी लागली आणि स्लॅब आठवडाभर लांबला. फसवले कोणीच नव्हते. एकमेकांची गरज संपली होती, एवढेच.

आम्ही शनिवार पुन्हा सुरू केला, पण त्यातून विशेष काही साधेना, कारण बोलायला विषयच नसे. अखेर गेल्या वर्षी आम्ही जुन्या इमारतींच्या मजबुतीकरणाची कामे घ्यायचे ठरवले. यात नफा कमी आहे आणि डोकेदुखी पुष्कळ आहे, परंतु साइटवर गिलावा फोडून पाहिल्याखेरीज मला आकडेमोड करता येत नाही आणि माझ्या आकडेमोडीखेरीज त्यांना एकही टेकू हलवता येत नाही. गेल्या आठवड्यात सकाळी आठ वाजता त्यांचा फोन आला. एका कॉलमची उघडी पडलेली सळई ते व्हर्नियरने मोजत होते आणि एकेक माप मला वाचून दाखवत होते. मी १६ मिलिमीटर धरली होती, तेथे १२ ची निघाली. त्यांना खाली थांबायला सांगून मी ते ड्रॉइंग नव्याने काढायला घेतले.