न्यूयॉर्क ते माद्रिद : दोरा, वजाचं चिन्ह आणि एक जादा तास

तिकिटावर लिहिलं होतं : न्यूयॉर्कहून रात्री ८ ला सुटणार, माद्रिदला सकाळी ९ ला पोचणार. परतीचं विमान दुपारी १२ ला निघून साडेतीनला न्यूयॉर्कात. दोन्हीकडच्या घड्याळांत सहा तासांचा फरक, एवढं मला माहीत होतं. तो धरला तर जाताना सात तास आणि येताना साडेनऊ! वाट तीच, मग अडीच तास जास्त कशाचे? डोक्यातून जाईना, म्हणून स्वतःच हिशेब मांडायला बसलो.

आधी अंतर. दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर, ४०.७ आणि ४०.४ उत्तर. नाकासमोर पूर्वेला गेलं की झालं, असं वाटलं. त्या अक्षांशाला धरून मोजले तर ५,९४० किमी भरले. मग पृथ्वीगोल काढला, दोन शहरांवर दोन बोटांनी दोरा दाबला आणि ताणला. दोरा काही त्या रेषेवर थांबेना. घसरून उत्तरेकडे गेला आणि मधोमध पार ४६ अंशांपर्यंत चढला. सपाट नकाशावर वाकडी दिसणारी वाट गोलावर सर्वांत जवळची असते, हे शाळेत वाचलेलं होतं, पण बोटाखाली दोरा सरकला तेव्हा कुठे पटलं.

आता नेमका आकडा हवा होता. अक्षांश-रेखांश स्प्रेडशीटमध्ये घातले. पहिलं उत्तर निव्वळ हास्यास्पद, कारण साइनचं सूत्र अंश नाही, रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) मागतं. ते सुधारल्यावर आले ६,३३० किमी. अक्षांशाच्या रेषेपेक्षाही जास्त! चूक सापडायला बराच वेळ गेला. युरोप म्हणजे पूर्व, असं गृहीत धरून माद्रिदचा रेखांश मी अधिक ३.७ लिहिला होता. माद्रिद ग्रिनिचच्या, म्हणजे शून्य रेखांशाच्या, पश्चिमेला आहे आणि पश्चिमेचे रेखांश वजा धरतात. वजाचं चिन्ह टाकलं आणि उत्तर आलं ५,७७०.

ताशी ९०० किमीने हे होतात सहा तास पंचवीस मिनिटं. वेळापत्रकातली वेळ मात्र विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढण, उतरण सगळं त्यात आलं. शिवाय सुमारे १० किमी उंचीवर जेट स्ट्रीम हा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. त्यामुळे जाताना सात आणि येताना आठ-साडेआठ हे पटलं. पण साडेनऊ? एक तास अजून उरतच होता.

तो वाऱ्यात नव्हता, तारखेत होता. उन्हाळ्यासाठी घड्याळं पुढे करायची ती अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी, युरोपात शेवटच्या. मधल्या दिवसांत दोघांतला फरक सहाचा पाच होतो. माझं परतीचं तिकीट मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातलं. साडेतीन अधिक पाच, साडेआठ.